बूम हाती घ्या, भाऊ

बी.ए. झालं, पोलीस भरतीत उंची कमी भरली, आता पानठेल्यावर खर्रा घोटत बसू नका. पत्रकार व्हा. यूट्यूबवर चॅनल काढा, नावात 'विदर्भ', 'लाइव्ह', 'महाराष्ट्र' यांपैकी कोणतेही दोन शब्द घाला. चौकोनी बूम फ्लेक्सवाला बनवून देतो. आत माइक असलाच पाहिजे असं काही नाही, आवाज मोबाइलमध्ये येतोच.

आता निवडणुकीला उभे असलेले एखादे भाऊ गाठा. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती, म्हणजे ऐन कापूसवेचणीत. असा मोका सोडू नये. भाऊंना वावरात उतरवा, गळ्यात कोरा दुपट्टा टाका (किमतीची चिठ्ठी आधी काढा). भाऊ तीन बोंडं वेचतील, चौथ्याला टोक बोटात रुतेल. तेवढं पुरे. तेवढ्यात एखादी वेचणारी बाई विचारेल, "भाऊ, सोयाबीनले भाव काऊन नाही भेटला?" हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत तेवढ्याला कोणी हात लावत नव्हतं, हे तिला पाठ असतं. हा भाग कापा. कापता येत नसेल तर वरून गाणं टाका.

व्हिडिओ एकच, नावं दोन. भाऊंच्या पेजवर 'मातीशी नाळ', तुमच्या चॅनलवर 'ग्राउंड रिपोर्ट'.

कायद्याची धास्ती नको. समाजमाध्यमांवर राजकीय जाहिरात द्यायची तर माध्यम प्रमाणन समितीची आधी मंजुरी लागते, शिवाय खर्च उमेदवाराच्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत धरतात. म्हणून जाहिरात करूच नका, बातमी करा. २००९ मध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा बोभाटा झाला, कारण वेगवेगळ्या पेपरांत मजकूर शब्दन् शब्द सारखा होता. कागदावर आलेलं पुसता येत नाही, हे त्या बिचाऱ्यांचं दुर्दैव. तुमच्याकडे डिलीटचं बटण आहे.

मतदानाआधी ४८ तास भोंगे बंद होतात. खरं काम तेव्हाच सुरू होतं. व्हॉट्सॲप एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करू देतं, पण ठिकाण म्हणजे माणूस नव्हे. एका ग्रुपात १,०२४ जण मावतात. फार फिरलेला मेसेज एकाच ठिकाणी जातो, तेव्हा तो नव्यानं टाइप करायला दोन पोरं बसवा. ग्रुपचं नाव 'पीकविमा माहिती' ठेवा, लोक बाहेर पडत नाहीत. विम्याची माहिती टाकायची गरज नाही.

समोरच्या भाऊंचंही पॅकेज घ्या. निष्पक्षता म्हणतात ती हीच.

आणि त्या बाईचा प्रश्न शेजारच्या धुऱ्यावरून एखाद्या पोरानं मोबाइलमध्ये धरला, व्हायरल झाला, तर घाबरू नका. भाऊंना फोन लावा आणि सांगा, खुलाशाच्या मुलाखतीचा रेट वेगळा आहे.