गाडी निळीच होती

परवा डिचोलीत एका बनियनवाल्या गृहस्थाने सोप्यावर पाय पसरून निकाल दिला, की माझ्या बाबांची गाडी हिरवी होती. अपील नाही. गाडी निळी होती हो! मी तिच्या मागच्या सीटवर वाढलो, चोर्ला घाटात उलट्याही तिथेच केल्या.

प्रीमियर पद्मिनी. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि ‘जीडी’ने सुरू होणारा नंबर, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकाच पाटीवर नांदत होते तेव्हाचा. १९८७ साली गोवा राज्य झालं, पुढे नव्या गाड्यांना ‘जीए’ आलं आणि काही वर्षांत बाबांनी ती विकली. आता ऐंशी ओलांडल्यावर त्यांना ती एकदा बघायची आहे. मोबाइलवर नंबर घातला तर ‘नोंद आढळली नाही’. मग म्हापशाचा दलाल, दलालाचा मेव्हणा, आणि मेव्हण्याने बोट दाखवलं तो हा सोपो.

“कोणाचो तूं?” गृहस्थांनी विचारलं.

गोव्यात गाडीचा पत्ता विचारला की आधी तुमचाच वन-फोर्टीन, म्हणजे इथला सातबारा, तपासतात. बाबांचं नाव, आजोबांचं नाव, वाडा, कुलदैवत, आईचं माहेर. आईच्या माहेरी त्यांचे कोणी तरी दूरचे निघाले, त्यांच्याशी जमिनीवरून बोलणं नव्हतं, त्यामुळे माझा चहा रद्द झाला. तो निम्मा कपात ओतून झाला होता, हे मुद्दाम सांगतो.

“फियाट मरे ती. हिरवी,” ते म्हणाले.

“निळी, काका.”

“बाब, ती मी ढकललेली आहे. बेतीला, फेरीतून वर काढताना. ढकलणाऱ्याला रंग कळतो. तू आत बसला होतास.”

आता हे खरं असू शकतं. ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि पुढची कितीतरी वर्षं पणजी गाठायची म्हणजे बेतीला फेरीबोटीची रांग. पावसात बाबांची गाडी धक्क्यावर हटकून बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. ढकलायला माणसं यायची. पण त्यातले एक जण चाळीसेक वर्षांनी माझ्यावर डाफरतील, हे कोणी सांगितलं होतं?

मी पाकिटातला फोटो काढला. काकांनी तो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

“यात काळी दिसते.”

“फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे, काका.”

“मग पुरावा कशाला दाखवतोस?” त्यांनी आत हाक मारली, “अगो, ती फेरीतली फियाट कसली गो?”

आतून काकू म्हणाल्या, “धवी.” म्हणजे पांढरी.

यावर नवरा-बायकोचं जे जुंपलं, त्यात काकूंनी बेतीच्या प्रवासात हरवलेल्या छत्रीचा विषय काढला. तीही काकांनीच हरवली म्हणे. समोरचा पदेर, म्हणजे पाववाला, सायकल टेकून उभा राहिला आणि कोणी न विचारता म्हणाला, फियाट म्हणजे टॅक्सीच, काळी-पिवळी. मी घड्याळ बघितलं. गाडी आता कुठे आहे, एवढंच विचारायला आलो होतो मी!

शेवटी सुटका हवी म्हणून म्हणालो, “बरं, हिरवी.”

काका प्रसन्न झाले. “आसगावला आहे. विचारायचंस तसं पहिल्यांदाच.”

आसगावला मोठ्या फाटकामागे गाडी सापडली. गुलाबी. प्री-वेडिंग फोटोंसाठी भाड्याने देतात, तासाच्या हिशोबाने. टपावर एक चामड्याची बॅग दोरीने बांधलेली. आमच्या गाडीवर आयुष्यात अंथरुणाच्या वळकट्या आणि चवथीचे नारळ सोडून काही चढलं नव्हतं. मी दाराच्या मुठीला हात लावला तर रखवालदार धावत आला. म्हटलं, ही माझ्या बाबांची गाडी. तो म्हणाला, “बुकिंग कोणाच्या नावावर आहे?” तेवढ्यात झग्यातल्या नवरीचा फोटोग्राफर ओरडला, “अंकल, फ्रेममध्ये येताय!”

बाबांना आणून नुसतं पाच मिनिटं बसवू का, म्हणून विचारलं. किमान एक तास, आणि वर डिपॉझिट. आमच्याच गोव्यात, आमच्याच गाडीला! दहा वर्षांपूर्वी या आसगावात फाटकंसुद्धा कोणी लावत नव्हतं.

मी तणतणत बाहेर आलो, तर रखवालदाराने माझ्या आत्ताच्या गाडीचे पार्किंगचे पैसे मागितले. पावती मागितली तर भिंतीवरच्या क्यूआरकडे बोट दाखवलं.