घरात बसलेली लेखिका? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टींवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, की काळ्यांच्या नागरी हक्कांवरून मिसिसिपी राज्य पेटलेलं असताना ही गोरी बाई आईवडिलांच्या बंगल्यात बसून गोष्टी लिहीत राहिली, ही साहित्यनिष्ठा नव्हे, पळवाट. आणि लेखकांचा गोतावळा म्हणजे एकमेकांची पाठ खाजवणं. आक्षेप दोन ओळींत झटकण्यासारखा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा जाब वेल्टीबाईंना त्या काळातच विचारला गेला होता. अनोळखी माणसं मध्यरात्री फोन करून, तोंड मिटून का बसलात, असं फैलावर घ्यायची. त्यांनी १९६५ मध्ये त्यावर निबंधच लिहिला. कादंबरीकाराने मोहिमेवर निघू नये, हे त्यांचं मत मला पूर्ण पटत नाही. काही वेळा निघावं. पण त्या गप्प होत्या, हे मात्र खरं नाही.

१२ जून १९६३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांना मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये, त्यांच्या राहत्या घरासमोर, पाठीत गोळी घालून मारलं. वेल्टीबाई त्याच गावच्या. बातमी कळली त्याच रात्री त्या लिहायला बसल्या, आणि गोष्ट सांगायला लावली कोणाला, तर मारेकऱ्याला. 'मी' म्हणून. खुनी अजून सापडलेला नव्हता. तो कोण हे मला ठाऊक नाही, पण असा माणूस इथे कसा घडतो ते ठाऊक आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे संशयिताला अटक झाली आणि पंचाईत अशी, की गोष्टीतले तपशील प्रत्यक्षाशी नको तितके जुळायला लागले. छापायच्या आधी संपादकांशी फोनवर बोलून ते बदलावे लागले. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या ६ जुलैच्या अंकात गोष्ट आली. त्या खुन्याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडलं!

आता सांगा, जन्मभर त्या गावात न राहिलेल्या माणसाला हे एका रात्रीत लिहिता आलं असतं? शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोली, त्यांची कुरकुर, त्यांचा विखार सगळं कानात साठलेलं होतं. आपण ज्याला घरात बसणं म्हणता, तीच त्यांची पुंजी होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिलसॅप्स कॉलेजातल्या त्यांच्या कार्यक्रमाला टूगलू कॉलेजचे काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या बरोबरीने बसले होते. तेव्हाच्या जॅक्सनमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

घर सुखवस्तू होतं, हे खरंच. वडील विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर. पण १९५५ ते १९७० या काळात मोठ्यांसाठी त्यांचं एकही नवं कथा-कादंबरीचं पुस्तक आलं नाही, कारण आईचं आजारपण. आई आणि भाऊ १९६६ च्या जानेवारीत काही दिवसांच्या अंतराने गेले. त्या वर्षांत जमेल तसे तुकडे लिहून ठेवायचे. मजकुराची फेररचना वेल्टीबाई कात्रीने करत: परिच्छेद कापायचा, हलवायचा आणि टाचणीने दुसऱ्या कागदाला टोचायचा. १९७३ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं ते या वर्षांनंतर.

राहिली पाठ खाजवण्याची गोष्ट. रॉस मॅकडोनाल्ड रहस्यकथा लिहीत, म्हणजे प्रतिष्ठितांच्या पंगतीत पाट नाही. वेल्टीबाईंनी १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथपुरवणीत पहिल्या पानावर त्यांच्या कादंबरीचं मनापासून परीक्षण लिहिलं. पुढे दोघांचा भरपूर पत्रव्यवहार झाला. अल्झायमरने मॅकडोनाल्डांची उत्तरं थांबली, तरी यांची पत्रं जातच राहिली. परतफेड कसली यात?

आणि त्यांचा गोतावळा काही नुसत्या लेखकांचा नव्हता. त्यांच्या तरुणपणी जॅक्सनमध्ये कोणाकडे ब्रह्मकमळ फुलणार असलं, की पेपरात जाहीर व्हायचं, या बघायला. (आपल्याकडे बाल्कनीतल्या कुंडीत पानाला कळी धरतं, तेच हे.) वेल्टीबाई आणि मित्रमंडळींनी त्यावरून गंमतीचा एक क्लबच काढला होता.

'व्हेअर इज द व्हॉइस कमिंग फ्रॉम?' हे मारेकऱ्याच्या त्या गोष्टीचं नाव. मोजकी पानं आहेत, एका बैठकीत होते. आधी ती वाचा आणि मग इथेच या भांडायला. तेव्हाही पळवाटच वाटली, तर का वाटली ते मला खरंच ऐकायचंय.