लेक व्ह्यू म्हणे!

बाथरूममधली बादली उलटी ठेवायची. तिच्यावर चढायचं. वरच्या झरोक्याची काचेची एक पट्टी काढायची आणि मान डावीकडे मुरगळायची. समोरच्या हॉटेलची काळी टाकी दिसली? तिच्यामागे वाळत घातलेले टॉवेल? त्या दोन टॉवेलांच्या फटीत हिरवट काहीतरी चमकतं ना, ते नैनीतालचं जगप्रसिद्ध तळं. आमची 'लेक व्ह्यू डिलक्स', रात्रीचे 6500 रुपये. बरं, खोलीच्या खिडकीतून काय? भिंत. शेवाळलेली. इतकी जवळ की मी हात लावून पाहिला.

मॅनेजर म्हणतो, 'लेक तो यहीं है ना सर.' हो रे राजा, कुठं जाणार आहे ते!

'मॉल रोडपासून 2 मिनिटं' हेही खरंच होतं. उतरताना. चढायचं काय ते माझ्या गुडघ्यांना विचारा. संध्याकाळी मॉल रोड गाड्यांना बंद, म्हणून ड्रायव्हरनं सहा बॅगांसकट तल्लीतालला, म्हणजे तळ्याच्या खालच्या टोकाला, उतरवलं आणि तो गेला. काठगोदाम स्टेशनहून जेमतेम 35 किलोमीटर, साडेतीन तास लागले. तेवढ्यात नागपूरहून अमरावती गाठून चहा झाला असता. सगळा उत्तर भारत एकाच वळणावर हॉर्न वाजवत उभा. वर 'पॉइंट'! पॉइंटच बघायचे तर चिखलदरा काय वाईट होतं? फेब्रुवारीपासून हेच सांगतोय, पण घरात माझं ऐकतो कोण.

'हिमालय दर्शन' पॉइंटला दुर्बिणीचे माणशी 100 रुपये. दुर्बीणवाला म्हणतो, 'वो देखिए, नंदादेवी.' मे महिना, चिडाच्या (पाइनच्या) जंगलांना वणवे लागलेले, हवेत नुसता धूर, आणि ह्याला 7816 मीटरचं शिखर दिसतंय. सासूबाईंनी भक्तिभावानं हात जोडले. तेवढ्यात नंदादेवी सरकली. ढग होता.

हे सगळं पोटात साठलेलं. मग आज सकाळी गरम पाणी नाही म्हटल्यावर माझा तोल गेला. मला राग आला की आधी हिंदी जाते. रिसेप्शनवर उभा राहून ओरडलो, 'ओ भाऊ, मेरेको तळं होना! तळं! पैसे किस के लिए बे?' पोरगं बिचारं घाबरून आत पळालं. मला वाटलं, आता खोली बदलून मिळते. दहा मिनिटांनी भज्यांची प्लेट घेऊन आलं. 'तला हुआ' एवढंच त्याला कळलं होतं. 180 रुपये बिलात लागले. भजी बरी होती, खोटं कशाला बोलू. चिरंजीव तेव्हापासून मला 'तळं होना' म्हणूनच हाक मारतोय.

भांडण तिथंच संपलं. बायको बादलीवर उभी राहून बहिणीला व्हिडिओ कॉलवर तळं दाखवतेय. सासूबाई बाजारातून परत आल्यात, चेहऱ्यावर मोठं समाधान. तीन किलो मेणबत्त्या घेतल्यात, बदकांच्या आकाराच्या. नागपूरला न्यायला. मे महिन्यात.