स्वस्तात पोलीस खातं चालवायचंय?

समजा, उद्या एखादा परका मुलूख तुमच्या ताब्यात आला. (कोल्हापुरात बसून असले मनसुबे रचायला अजून तरी कर लागत नाही.) तर लगेच बंदुका घ्यायला धावू नका. आधी चांगला कारकून बघा. बंदूक कधीतरी उडते, रोजकीर्द मात्र रोज लिहावी लागते.

कारकून मिळाला म्हणून लगेच पगार चालू करू नका. जुन्या कचेऱ्यांत त्यासाठी ‘उमेदवार’ नावाची नामी सोय होती. पोरगा फुकट नकला उतरवतो, जागा निघेल या आशेवर वर्षं काढतो आणि वर साहेबाचे उपकारही मानतो. शाई, लाख, दोरा, दिव्याचं तेल हे सगळं ‘सादिलवार’ म्हणजे किरकोळ खर्चाखाली टाका. त्या एका शब्दाच्या पोटात काय काय मावतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

मग शिपाई. साहेबाचा पगार, बंगला, घोडा आधी बसवा. उरेल ते शिपायाचं. इंग्रज सरकारच्या १९०२-०३ च्या फ्रेझर पोलीस आयोगानं शिपायाला महिना किमान ८ रुपये द्या, असं सुचवलं. सुचवावं लागलं, यावरून आधीची काटकसर ओळखा. पोट भरलं नाही तर शिपाई बाजारात आपली सोय स्वतः लावतो आणि ती रक्कम तुमच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. पोलीस भ्रष्ट आहेत, असंही त्याच आयोगानं नोंदवलंय. नोंदवू दे.

खेड्यापाड्यांत तर खिशात हातसुद्धा घालू नका. मुंबई इलाख्यात १८६७ च्या कायद्यानं गावकीच पोलिसांत जमा करून घेतली. पाटील वतनावर, जागल्या बलुत्यावर. रात्रभर जागणार तो, धान्य देणार गाव, आणि ‘बंदोबस्त चोख’ असा अहवाल धाडणार तुम्ही.

दंगाधोपा झाला तर घाबरू नका, ती कमाईची वेळ. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडचा खून झाल्यावर पुण्यात जादा पोलीस बसवले आणि खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. ज्याच्यावर पाळत, त्याच्याच नावे पावती.

सगळ्यांत स्वस्त युक्ती म्हणजे हजेरी. काही जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवायच्या. इंग्रजांनी त्यासाठी १८७१ मध्ये कायदाच केला होता. मग मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर बोलवायचं. गस्त नको, तपास नको, गुप्त बातमीदार नको. संशयित आपल्या पायांनी येतो, कारकून नावापुढं खूण करतो. खर्च एका वहीचा.

फक्त या पद्धतीला कोल्हापूरचं पाणी लागू देऊ नका. इथं शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला हुकूम काढून रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या ५० टक्के मागासलेल्यांना राखून ठेवल्या. झालं! ज्याचा चुलता हजेरीला उभा, तोच उद्या लेखणी घेऊन समोर बसणार. असा कारकून नाव पुकारण्याआधी वर बघतो, आणि कारकुनानं वर बघणं राज्याला परवडत नाही. पुढं १९१८ मध्ये महाराजांनी हजेरीच बंद केली. त्याच साली महार वतनही रद्द केलं, म्हणजे फुकटची राबणूकही गेली.

आता चोरी झाली की खरोखर चोर शोधत हिंडायचं, आणि त्याची तरतूद सादिलवारात सापडत नाही.