ढकलगाडी म्हणणाऱ्यांनी आधी बेअरिंगच्या गाडीवर बसून बघावं

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज आणखी तीन ग्रुपांवरून फिरून आला. मजकूर थोडक्यात असा: "पॅरा आइस हॉकी म्हणजे अपंगांवर दया म्हणून पॅरालिंपिकमध्ये घुसवलेला खेळ. ढकलगाडीवर बसून खेळतात, कुणी कुणाला धक्का लावत नाही. निम्मे खेळाडू बाहेर आले की चांगले चालतात, फोटो बघा. चार थंड देश पदकं वाटून घेतात. उष्ण भारतानं याच्या नादी लागू नये." खाली हसण्याच्या सात-आठ बाहुल्या.

मिरजेच्या रस्त्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. तीनचाकी सायकली, व्हीलचेअर, कॅलिपरचे सांधे यांच्या दुरुस्तीवर माझं घर चालतं. त्यामुळे हा मेसेज नुसता पुढे ढकलता येईना.

पहिली गोष्ट, दयेची. हा खेळ कुठल्या समितीनं कुणाची कीव येऊन तयार केलेला नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोममधल्या एका पुनर्वसन केंद्रातल्या लोकांना पाय गेल्यावरही हॉकी सोडायची नव्हती. त्यांनी लोखंडी सांगाडा केला, त्याच्याखाली स्केटची दोन पाती बसवली, आणि स्टिक म्हणून गोल दांडे घेतले. त्या दांड्यांना मुठी कसल्या? सायकलच्या हँडलच्या! हे वाचलं तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला होता. तसल्या मुठींचं एक पोतं माझ्या माळ्यावर कायम असतं. पहिला सामना तळ्यावरच्या बर्फावर, गोलकीपरशिवायच झाला. पॅरालिंपिकमध्ये खेळ आला तो १९९४ मध्ये, नॉर्वेतल्या लिलेहामरला. म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. पहिलं सुवर्ण स्वीडननं घेतलं. घुसवायचंच असतं तर तीस वर्षं कशाला लागली असती?

आता ढकलगाडी. इथं जरा थांबतो, कारण मेसेजमधली सगळ्यात चुकीची गोष्ट हीच आहे.

स्लेजला, म्हणजे त्या पात्यांवरच्या सांगाड्याला, ढकलायला मागं कुणी नसतं. खेळाडू बादलीसारख्या सीटमध्ये पट्ट्यांनी आवळलेला असतो. दोन्ही हातांत एकेक आखूड स्टिक, मीटरभराच्या आतली. तिच्या एका टोकाला वळलेलं पातं, दुसऱ्या टोकाला लोखंडी दाते. दाते बर्फात रुतवून स्वतःला पुढं ओढायचं, आणि पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली रबरी चकती, समोर आला की हात खाली सरकवून, स्टिक फिरवून पात्यानं मारायचं. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघितलेल्या माणसाला सांगायचं तर वल्हं आणि बॅट एकाच हातात, आणि समोरून दुसरी होडी अंगावर येतेय. पंधरा मिनिटांचे तीन डाव. बर्फ उभ्यानं खेळतात त्या आइस हॉकीचाच, साठ मीटर लांब. गोलही तोच.

आणि धक्का? खांद्यानं दिलेला धक्का नियमात बसतो. काचेच्या कठड्यावर माणूस आदळल्याचा आवाज कुठल्याही सामन्याच्या व्हिडिओत ऐकू येईल. नियमात बसत नाही ते एवढंच, की स्लेजचं पुढचं टोक दुसऱ्याच्या कुशीत काटकोनात घुसवायचं. त्याला टीइंग म्हणतात आणि त्यासाठी बाहेर बसवतात. ज्या खेळात कुणी कुणाला धक्का लावत नाही, त्यात अशा नियमाची गरजच काय?

मागच्या उन्हाळ्यात मी गंमत म्हणून एक बेअरिंगची गाडी केली. लहानपणी उतारावर पळवायचो तशीच, फक्त वर खुर्चीची प्लास्टिक सीट आणि कमरेला पट्टा. दोन मोडक्या कुबड्या कापून स्टिका केल्या, टोकांना रबर. माझं एक गिऱ्हाईक आहे, लहानपणी पोलिओ झालेलं, बाजारात हिशेब लिहितं. त्याला बसवलं. आधी मी बसलो होतो. शेडच्या सिमेंटवर एक फेरी मारली आणि दंड भरून आले, दुसऱ्या फेरीला सीटवरच आडवा झालो. गड्यानं सलग अकरा फेऱ्या मारल्या. तीनचाकीचे पॅडल हातानं मारून त्याचे खांदे कसे झालेत, ते मी इतकी वर्षं बघत होतो, पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. मग मी पक म्हणून रबरी वॉशर टाकला. पठ्ठ्यानं तो गाडीच्या खालून आरपार काढला! खऱ्या स्लेजचा सांगाडा बर्फापासून साधारण नऊ सेंटिमीटर वर असतो, तो याचसाठी. पक खालून जायला हवा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

फोटोंचं उत्तर सोपं आहे. सोबतच्या दोन्ही फोटोंत माणसं उभी आहेत, म्हणून ढोंग, असा तर्क. जयपूर फूट लावून एसटीत चढणारा माणूस मेसेज लिहिणाऱ्यानं पाहिला नसेल काय? या खेळासाठी पायांत ठरावीक मर्यादेपलीकडचं अपंगत्व लागतं आणि ते तपासून वर्गीकरण होतं. अमेरिकेचा डेक्लन फार्मर कृत्रिम पायांवर चालतो. कॅनडाचा टायलर मॅकग्रेगर आधी पायांवर उभं राहूनच हॉकी खेळायचा. कर्करोगात त्याचा डावा पाय गेला. जोश स्वीनी हा अमेरिकी मरीन, २००९ मध्ये अफगाणिस्तानात स्फोटात दोन्ही पाय गेले. २०१४ ला सोची पॅरालिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेनं रशियाला १-० नं हरवलं, तो एकमेव गोल त्याचा.

ढोंगाची गोष्ट मुळात आली कुठून, याचा मला अंदाज आहे. २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये स्पेनच्या बौद्धिक अपंगत्व गटातल्या बास्केटबॉल संघात बारांपैकी दहा जण धडधाकट निघाले होते. सुवर्णपदक परत गेलं, आणि त्या गटातल्या खऱ्या खेळाडूंनाही लंडनपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, बाहेर बसावं लागलं. घटना खरी आहे. पण खेळ वेगळा आणि गटही वेगळा. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी.

चार देशांचं म्हणणं मात्र मी पूर्ण झिडकारणार नाही. २०२२ ला बीजिंगमध्ये आठ संघ पात्र होते. युक्रेन युद्धामुळे रशियाचा संघ बाहेर गेला आणि सात उरले. दोन्ही उपांत्य सामने ११-० नं संपले. एक अमेरिकेनं चीनविरुद्ध घेतला, एक कॅनडानं दक्षिण कोरियाविरुद्ध. अंतिम सामन्यातही अमेरिकेनं कॅनडाला ५-० नं धुतलं. खोटं कशाला बोलू, वर दोघंच आहेत. पण "वाटून घेतात" हे कसं? २०१८ ला प्याँगचांगच्या अंतिम सामन्यात कॅनडा १-० नं पुढं, शेवटचं मिनिट, अमेरिकेनं हल्ल्याला एक गडी वाढवायला गोलकीपर काढून घेतलेला. मोकळ्या गोलावर मारलेला कॅनडाचा फटका खांबाला लागला. चाळीस सेकंदही उरले नव्हते तेव्हा फार्मरनं बरोबरी केली आणि जादा वेळेत त्यानंच सामना काढला. असं वाटप आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतही होत नाही.

आणि बीजिंगचं कांस्य कुणाचं? चीनचं. २०१५ ला बीजिंगच्या या स्पर्धेचं यजमानपद मिळालं तेव्हा त्यांच्याकडे नाव घ्यावं असा संघच नव्हता. २०१८ ला जागतिक स्पर्धेच्या सगळ्यात खालच्या, क गटातून सुरुवात. चार वर्षांत पदक.

राहता राहिलं ऊन. बर्फ आभाळातून पडावा लागतो, असं मेसेजवाल्याला वाटत असावं. रिंकच्या काँक्रीटखाली नळ्या असतात, त्यांतून गार केलेलं मिठाचं पाणी फिरतं आणि वर दोन-तीन सेंटिमीटर बर्फ धरतो. तासगावचा बेदाणा मे महिन्यात ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये थंड राहतो, तिथला कॉम्प्रेसर चालवणाऱ्याला हे पाच मिनिटांत समजेल. भारताच्या महिला आइस हॉकी संघानं २०२५ ला आशिया चषकात कांस्य जिंकलं, ते अल ऐनला. अल ऐन अमिरातीच्या वाळवंटात आहे. डेहराडूनला २०११ पासून रिंक आहे. तो वर्षानुवर्षं बंद राहिला, त्यात उन्हाचा दोष नव्हता.

सांगलीकरांनी हा मेसेज पुढे पाठवावा, याचं मला जास्त वाईट वाटतं. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान, १९७२ ला हायडलबर्गला ५० मीटर पोहला ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रम. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य आणलं. दोघांपैकी कुणालाही हे "आपल्या हवेत" बसतं का, असं कुणी विचारलं असतं तर?

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. ज्यानं मेसेज पाठवला होता त्यानं नुसता नमस्कार धाडला.

माझं गिऱ्हाईक मात्र काल परत आलं. गाडी सरळ जोरात जाते, पण वळताना मोठी फेरी घेते, अशी त्याची तक्रार. खाली वाकून बघितलं आणि म्हणालं, "दादा, ही मागची चाकं दोन-दोन इंच आत घ्या. पलटी झालो तर होऊ दे." तिकडे खेळाडू कसलेला झाला की स्लेजची पाती जवळ घेतात, तेही याचसाठी. बेअरिंग सैल करायला ठेवलंय.