खुलासा : नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत

“आरोग्य केंद्रात मनाच्या आजारावर झोपेच्याच गोळ्या देतात, एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत, वर नावही जगजाहीर होतं,” असा मजकूर कोल्हापूर जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून कुणी चालू औषध सोडू नये, म्हणून हा खुलासा.

नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिनसारखं औषध झोपेचं नाही आणि त्याचं व्यसनही लागत नाही. गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. खरी गळती इथंच होते. आठ दिवसांत फरक पडला नाही की माणूस पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी हे नीट सांगावं आणि पुढच्या आठवड्यात आशाताईंनी घरी विचारपूस करावी, असं मला कळकळीनं वाटतं. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या मजुराला दर वेळी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात येणं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणं. बरं वाटल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम बंद केलं तर चक्कर, बेचैनी येऊ शकते.

सवय लागते ती घबराट किंवा झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची. त्या चिठ्ठीशिवाय घेऊच नका.

नावाचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

शंका असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.