काचबिंदूचे प्रकार दोन की पाच? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

काचबिंदूच्या प्रकारांवरचा माझा लेख बारकाईने वाचलात, आभार. तुमचे आक्षेप दोन. मी आधी 'ओपन अँगल' आणि 'अँगल क्लोजर' हे दोनच प्रकार सांगितले आणि मग सेकंडरी (दुसऱ्या कारणाने झालेला), जन्मजात, नॉर्मल टेन्शन अशी भर घालत गेलो, म्हणजे हिशोब जुळत नाही. आणि शेवटी डोळ्यातला दाबच कमी करायचा, तर पेशंटने या भानगडीत कशाला पडायचं?

हिशोब जुळत नाही, कारण ही एक यादी नाहीच. इथे तीन वेगळे प्रश्न आहेत. कॉर्निया (डोळ्याचा पारदर्शक पुढचा भाग) आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांमधला कोन, जिथून डोळ्यातलं पाणी निचरतं, उघडा आहे की मिटलेला? दाब वाढण्यामागे दुसरं काही कारण सापडतं का? सुरुवात कोणत्या वयात झाली? तिन्ही प्रश्न प्रत्येक पेशंटला लागू, त्यामुळे एकाच फाइलवर दोन-तीन नावं दिसतात.

मोतीबिंदूच घ्या. डोळ्यातली लेन्स फुगून आयरिसला पुढे ढकलू लागली की कोन बंद होतो. हा सेकंडरी अँगल क्लोजर. मोतीबिंदू अति पिकून त्यातली प्रथिनं पाझरली, तर ती आणि ती गिळणाऱ्या पेशी कोनातल्या निचऱ्याच्या जाळीत अडकतात. इथे कोन सताड उघडा, तरी दाब चढलेला. मूळ एकच, कप्पे दोन. मधुमेहात किंवा रेटिनाची (डोळ्यामागच्या पडद्याची) शीर तुंबल्यावर होणारा काचबिंदू तर वाटेतच कप्पा बदलतो: आधी उघड्या कोनावर नव्या रक्तवाहिन्यांचा पापुद्रा धरतो, मग तो आकसतो आणि कोन मिटत जातो.

नॉर्मल टेन्शन हा ओपन अँगलचाच भाग. दाब १० ते २१ मिमी (पारा) या नेहमीच्या पट्ट्यात असूनही डोळ्याची नस झिजते (काचबिंदू म्हणजे हीच झीज), आणि तिथेही दाब आणखी उतरवल्याचा फायदा होतो. उलट एखाद्याचा दाब २६ असून नस आणि दृष्टिक्षेत्र ठणठणीत असतं. त्याला काचबिंदू म्हणत नाहीत.

आता 'कशाला पडायचं'. ओपन अँगलमध्ये बहुतेकदा थेंब किंवा जाळीवरचं लेसर यांपासून सुरुवात होते. कोन मिटत असेल तर आयरिसला लेसरने बारीक भोक पाडतात, काहींची लेन्सच काढणं जास्त हिताचं ठरतं. स्टेरॉइडमुळे दाब चढला असेल तर ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवणं किंवा बदलणं आलं. जन्मजात काचबिंदूत मुख्य उपचार शस्त्रक्रिया, थेंब तोवरचा आधार. 'दाब कमी करा' एवढ्याने यातलं काहीच ठरत नाही.

आणि कोन उघडा की मिटलेला हे ठरतं गोनिओस्कोपीने, म्हणजे कोन थेट बघण्याच्या तपासणीने. कोनातून येणारा प्रकाश कॉर्नियातच परावर्तित होतो, म्हणून तो भाग बाहेरून दिसत नाही. डोळा बधिर करून आरशाची लेन्स टेकवावी लागते. खोलीत अंधार हवा आणि प्रकाशाची पट्टी आखूड, बाहुलीवर न पडणारी. ती पडली की बाहुली आकसते, आयरिस ताणली जाते आणि अरुंद कोनही उघडा भासतो. मग लेन्सने किंचित दाबून बघतात: कोन उघडला तर आयरिस नुसती टेकली होती, नाही उघडला तर चिकटली आहे. घाईच्या ओपीडीत हीच तपासणी राहून जाते, आणि याचा मला खरोखर राग येतो.

शेवटी तुम्ही सर्दीच्या गोळ्यांच्या पत्रकातल्या 'काचबिंदू असल्यास घेऊ नये' या सूचनेबद्दल विचारलंत. ती मुख्यतः अरुंद कोनासाठी आहे. अशा औषधांनी बाहुली मोठी होते आणि कोन अचानक मिटू शकतो: डोळा लाल, असह्य दुखणं, दिव्यांभोवती रंगीत वलयं, उलट्या. उघड्या कोनाच्या बहुतेक पेशंटना हा धोका नसतो, आयरिसचं लेसर झालेल्यांनाही बराच कमी. तुमच्या आईंच्या फाइलवर नुसतं 'काचबिंदू' लिहिलंय म्हणता, तेव्हा गोळी द्यायच्या आधी त्यांचा कोन कसा आहे हे डॉक्टरांना विचारा.